खूण सांगा, वस्तू न्या

सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

हिमानी,

फोनवर मी भांडतो, म्हणून तू म्हणालीस की बोलायचंच असेल तर लिहून पाठव, लिहिताना माणसाला ओरडता येत नाही. तर हे घे. डोणगावच्या पोस्टात बाकावर बसून लिहून राह्यलो. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता वाचून विचारलं, "पुण्याले? नोकरीचा अर्ज हाय का?" मी हाव म्हटलं.

हे प्रेमपत्र नाही. काम आहे. तू तिकडे संग्रहालयाचं शिकतेस आणि मी इकडे एका संग्रहालयात बसतो. हसू नको. भर वर्गात सरांनी माझ्या बोलीची नक्कल केली, मी जर्नल टेबलावर आपटून निघालो, आणि तू एसटी स्टँडपर्यंत मागे येऊन "माफी माग, परत ये" म्हणत राहिलीस, तेव्हापासून वर्ष-दीड वर्ष मी काय केलं असं तुला वाटतं? काही दिवस घरी सोयाबीन राखलं. मग उकंडराव काकांनी बोलावलं.

काका आमच्या गावच्या कोंडवाड्याचे कारकून होते. कोंडवाडा तुला ठाऊक नसेल, तुम्ही बुलडाण्याच्या मास्तरांची लेकरं. कोणाचं ढोर दुसऱ्याच्या शेतात शिरलं की ते पकडून पंचायतीच्या या आवारात कोंडायचं. धनी यायचा, दारात उभा राहून खूण सांगायचा, डाव्या शिंगाला चीर, शेपटीचा गोंडा पांढरा. खूण पटली की दंड भरून ढोर सोडवायचा. आता गावात ढोरंच राहिली नाहीत. कोंडवाडा ओस पडला. काकांनी मग दुसरंच कोंडायला सुरुवात केली. ट्रॅक्टर आल्यावर लोक तिफणी, मोटा, जाती भंगारात घालत होते. काका ती मागून आणायचे आणि भिंतीला टांगायचे. गाव म्हणतं, "ढोरं सुटली, आता अवजारं कोंडली."

आता असं झालंय की छोट्या संग्रहालयांना सरकारी अनुदान मिळणार आहे. काकांनी अर्ज आणलाय. आणि सरपंच निवृत्तीभाऊंनी ग्रामसभेत सांगून टाकलंय, "दिवाळीपर्यंत अनुदान मंजूर झालं तं ठीक, नाही तं जागा खाली करा. आपल्याले तिथी दुकानाचे गाळे काढाचे हाय." म्हणजे अर्ज मंजूर झाला नाही तर सगळ्या वस्तू भंगारवाल्याच्या टेम्पोत.

अर्ज मी भरतोय, कारण काकांना चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसत नाही. प्रत्येक वस्तूपुढे रकाने आहेत: नाव, मूळ धनी, वापर, ओळखचिन्ह. मी लिहितो, "तिफण, लाकडी, पेरणीसाठी." काका म्हणतात, "हे तं दुकानातल्या पाटीसारखं झालं." मग काय लिहू? तेच विचारायला हे पत्र.

शेवटी एक रकाना आहे, अभिरक्षकाची, म्हणजे वस्तू सांभाळणाऱ्याची, शैक्षणिक पात्रता. तो भरला. कसा, ते विचारू नको.

गोकुळ

ता.क. तुझा स्टीलचा डबा माझ्याकडेच आहे. त्या दिवशी स्टँडवर हातात राहिला.


गुरुवार, ११ सप्टेंबर

हिमानी,

कार्ड पोचलं. चार ओळींचं का होईना, अक्षर तुझंच. तू लिहिलंस, "कोणाची, कशी वापरली, कोणाच्या हाताची, हे लिहिलं नाहीस तर भंगारात आणि संग्रहालयात फरक काय?" हे वाक्य मी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पोरगी हुशार हाय. तुह्यासंग कशी काय बोलते बे?"

आता एक गंमत ऐक. तुझ्याएवढं डोकं मला नाही, पण ही गोष्ट झोपू देत नाही.

पूर्वेच्या भिंतीवर मंजुळाबाईंच्या तिफणीचं चाडं आहे. चाडं म्हणजे लाकडी वाटी. तिच्या बुडाला तीन भोकं, प्रत्येक भोकाला एक पोकळ बांबूची नळी. बाई तिफणीमागं चालत मुठीनं बी सोडते, ते तिन्ही नळ्यांतून तासात पडतं. तीन फण, तीन नळ्या, तीन भोकं. बरोबर? या चाड्याला चार आहेत. चौथं जरा कडेला, बारीक, आणि त्यात लाकडाची खुंटी ठोकून ते बुजवलेलं. कशासाठी?

गोपाळ सुताराला दाखवलं. म्हणाला, "चुकलं असन कोणाचं. दारू पेऊन काम केलं की असंच होते." काका म्हणाले, चार फणांच्या अवजाराचं असेल. पण मग भोक एवढं बारीक कसं? त्यातून ज्वारीचा दाणा जेमतेम जाईल. तू म्हणशील, "कीड लागली असेल, दुरुस्ती केली असेल." नाही. मी आत बोट फिरवून पाहिलं. भोक गुळगुळीत आहे, सुताराच्या सामत्यानं नीट पाडलेलं. कोणीतरी मन लावून पाडलंय.

शेवटी मंजुळाबाईंच्याच घरी गेलो. त्या ऐंशीच्या पुढच्या. ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत होत्या. सून गोजरबाई, तीही साठीची, आत भाकरी थापत होती.

"आजी, त्या चाड्याचं चौथं भोक कायचं?"

त्यांनी एकदा आत पाहिलं आणि म्हणाल्या, "नवमीले सांगीन."

"आताच सांगा ना. अर्जात लिहाचं हाय."

"खूण हाय ते. आधीच सांगतली तं कोणीबी येऊन माह्यं चाडं घेऊन जाईन."

हे तुला समजावून सांगायला हवं. काकांनी वस्तू मागून आणल्या तेव्हा लोकांची एकच अट होती. खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा होते, त्या दिवशी ज्याची वस्तू त्याच्या घरी गेली पाहिजे. म्हणून दरवर्षी नवमीला सकाळी लोक कोंडवाड्याच्या दारात येतात, जुन्या रिवाजानं वस्तूची खूण सांगतात आणि ती घरी नेतात. हळदकुंकू लावून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत. दोन दिवस भिंती नुसत्या खिळ्यांच्या. गेल्या नवमीला मी गावात नव्हतो, वाशीमला मामाकडे रुसून बसलो होतो, म्हणून मी हे अजून पाहिलेलं नाही.

आणि इथंच अडलंय. अर्जाला मालकीचा कागद जोडायचाय, "सदर वस्तू कायमस्वरूपी संस्थेस दिली." मंजुळाबाईंपुढे धरला. त्यांनी गोजरबाईकडून तो दोनदा वाचून घेतला.

"नवमीले घरी येते ना थे? मंग कायमचं देल्लं असं कसं लिहू?"

"आजी, नुसतं लिहाचं हाय."

"लेकीले सासरी धाडली तरी दिवाळीले आणतोच ना आपण? कायमची देल्ली असं कोणी लिहून देते का?"

मी चिडलो. म्हटलं, तुमच्या एका सहीपायी संग्रहालय बंद पडेल, मग त्या चाड्याची चूल पेटवा. त्या भाजी निवडत राहिल्या. गोजरबाई आतून म्हणाली, "चहा पेऊन जा, आन् आवाज बाहीर ठेवून ये."

चहा प्यालो.

मालकी नसलेल्या वस्तूंचं तुमच्या पुस्तकात काही आहे का? बघ जरा. आणि पात्रतेच्या रकान्यात काय लिहिलं असं तू विचारलंस. मी म्हटलं होतं, विचारू नको.

गोकुळ


शनिवार, २७ सप्टेंबर

हिमानी,

तपासणीचं पत्र आलं. मॅडम बुलडाण्याहून येणार, वस्तू जागेवर आहेत का ते मोजणार, फोटो घेणार. तारीख १ ऑक्टोबर, बुधवार.

बुधवारी काय आहे माहीत आहे? खंडेनवमी.

काकांनी लगेच फोन लावला. तिकडच्या माणसानं सांगितलं, दोन तारखेला सुट्टी, मग मॅडमचा दौरा दुसऱ्या जिल्ह्यात, आणि तोवर यादी बंद. बुधवारी नाही तर या वर्षी नाही. काकांनी फोन ठेवला. पावसानं टिनातून पाणी गळतंय, खाली तीन ठिकाणी घमेली ठेवली आहेत. या पावसानं सोयाबीनही गेलंच आहे गावाचं, त्यात हे.

मी म्हणालो, "काका, या वर्षी नवमी रद्द. दाराले कुलूप लावतो. मॅडम गेल्या की संध्याकाळी न्या म्हणा वस्तू."

"पूजा सकाळी रायते, गोकुळ."

"मंग एक वर्ष नाही झाली तं काय होते?"

ते म्हणाले, "ढोर कोंडलं आन् धनी खूण सांगून राह्यला, तरी दार नाही उघडलं, असं माह्या नोकरीत कधी झालं नाही." मग किल्ली माझ्या हातात दिली. "तू पाह्य आता. मी म्हातारा झालो."

म्हणजे किल्ली माझ्या खिशात आहे. मी गावभर सांगून आलो. निवृत्तीभाऊ खूश झाले, म्हणाले, "शाबास. पहिल्यांदा शिकल्यासारखा बोलला." ते खूश झाले तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

आणि एक गोष्ट सारखी डोक्यात येते. दार बंद राहिलं तर मंजुळाबाई खूण सांगणार नाहीत. पुढच्या नवमीपर्यंत त्या राहतील की नाही कोण जाणे. मग त्या चौथ्या भोकाचं काय?

तू असतीस तर काय केलं असतंस? रागावू नको, हा प्रश्न संग्रहालयशास्त्राचा आहे.

गोकुळ


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

हिमानी,

आज वस्तू परत येतायत. एकेक खिळा भरतोय. मोटेवरची हळद अजून ओली आहे. मी दारात बसून लिहितोय, मधे मधे उठावं लागतं, तेव्हा अक्षराकडे पाहू नको.

बुधवारी सकाळी कुलूप लावून मी दारापुढे खुर्ची टाकली. मनात भांडणाची तयारी पक्की होती. कोणी बोललं की काय बोलायचं तेही ठरवलं होतं. लोक आले. ताटं, कुंकू, फुलं. पण कोणी भांडलंच नाही गं. येऊन रांगेत उभे राहिले. रिवाज आहे, रांगेत उभं राहायचं, तर राहिले. सगळ्यांत पुढे मंजुळाबाई, गोजरबाईच्या खांद्यावर हात ठेवून.

मी म्हटलं, "आजी, या वर्षी नाही."

"बरं. मी खूण तं सांगते. दार उघडणं तुह्यं काम."

तू मला विचारशील तर खरं सांगतो, धर्म, रिवाज, काकांची नोकरी, यातलं काही माझ्या मनात आलं नाही. मला फक्त ऐकायचं होतं. मी वही उघडली, म्हटलं, "सांगा. लिहून घेतो."

त्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागल्या.

"माह्या चाड्याले चार भोकं हाय. तीन तिफणीचे. चौथं माह्या धन्यानं पाडलं. माही सासू बी मापून दे, आन् वावराच्या धुऱ्यावर उभी राहून पाह्ये. पेरणं झालं की माही ओटी झटकून घे, एक दाणा राहू देत नव्हती. पण चाड्याखाली कोण वाकून पाह्यते? धन्यानं चौथ्या भोकाखाली इतकुशी पिशवी बांधली. मुठीतले दोन-चार दाणे तिकडं सोडाचे. पेरणीभर साठवले की डोणगावच्या बाजारात इकाचे."

"आन् मंग?" मी विचारलं. लिहायचं विसरलो होतो.

"मंग काय! गोडीशेव घेवो. तो आन् मी. एका पुड्यात. बाजाराच्या मांगं लिंबाखाली बसून खावो, आन् तोंड पुसून घरी येवो."

रांगेत पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. पण गोजरबाई हसत नव्हती. ती सासूकडे टक लावून पाहत होती.

"आत्या, मंग बुजवलं कोणं थे भोक?"

मंजुळाबाई जराही लाजल्या नाहीत. "म्याच. तू आल्यावर. सासू झाली होती ना मी आता."

"म्हणून! म्हणून मले सारी हयात तीन भोकाचं चाडं!"

अशी हसली ती रांग, की काका घरून काठी टेकत आले. त्यांना वाटलं मी कोणाला मारलं.

मी किल्ली काढली आणि दार उघडलं. ठरवून नाही. हात गेला.

मग लिहीतच बसलो. जातं कोणाचं? "माह्या मायचं, खुंट्याजवळ टवका, थो माह्या भावाच्या डोक्याचा, डोक्स नाही फुटलं, जातं फुटलं." कंदील? "काच पिवळी, बापानं रात्री पाणी देताना साप पाह्यला थोच हा." हे सगळे दरवर्षी सांगत होते, हिमानी. दरवर्षी दारात उभं राहून. आणि अर्ज मागत होता नेमकं तेच, आणि आजवर कोणाला लिहून घ्यायचं सुचलं नाही. निवृत्तीभाऊसुद्धा आले, आईनं पाठवलं होतं. बापाच्या अडकित्त्याची खूण त्यांना सांगता येईना. काका म्हणाले, "खूण नाही तं वस्तू नाही." सरपंच आईला फोन लावून दारात उभे. मागून कोणी म्हणालं, "गाळ्याच्या टायमाले बराबर आठोते!"

रांगेत एक अनोळखी बाई होती, सुती साडी, गळ्यात ओळखपत्र उलटं फिरलेलं. मी वर न पाहता विचारलं, "बोला ताई, तुमची वस्तू कोणती?"

"मी वस्तू पाहायला आले आहे."

"मंग लवकर पहा. चालल्याच सगळ्या."

समता मॅडम. तपासणीच्या.

त्या आत गेल्या. भिंतीवर नुसते खिळे आणि तीन घमेल्यांत पाणी. त्या बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, "मोजायचं काय मी?" माझ्या डोक्यात कळ चढली. तुला ठाऊक आहे, कानामागून सुरू होते. एक कडक वाक्य तोंडाशी आलं होतं. मग तुझं आठवलं, लिहिताना ओरडता येत नाही, आणि मी नुसती वही पुढे केली.

मॅडम खुर्चीवर बसून वाचू लागल्या. चाड्याच्या पानावर थांबल्या. पुन्हा वाचलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "हे चाडं कुठल्या घरी आहे?" आम्ही गेलो. मग जात्याच्या घरी, मोटेच्या घरी. दुपारभर त्या पाटावर मांडलेल्या अवजारांचे फोटो घेत हिंडल्या, चपला काढून. मंजुळाबाईंनी त्यांना चाडं हातात दिलं नाही, पूजा मांडली होती म्हणून. मॅडमनी वाकून भोक पाहिलं.

निघताना म्हणाल्या, "मालकीचा कागद नाही, तर 'दिली' लिहू नका. 'ठेव म्हणून ठेवली' लिहा, आणि धनी कोण ते लिहा. मी हे जसं पाहिलं तसं कळवीन. पुढचं समिती पाहील. खात्री देत नाही." मग अर्ज उलगडून, "अभिरक्षकाच्या पात्रतेचा रकाना रिकामा आहे."

तर, कळलं तुला. भरला म्हटलं ते खोटं, रिकामा ठेवला होता.

मी म्हटलं, "मॅडम, थो अजून भराचा हाय."

पाकिटात आपट्याचं पान आहे. दसरा होता म्हणून.

गोकुळ


सोमवार, १७ नोव्हेंबर

हिमानी,

दिवाळी झाली, गाळे झाले नाहीत. समितीचं पत्र येईपर्यंत निवृत्तीभाऊंनी विषय पुढे ढकलला. म्हणाले, गाळ्यांपायी घरी आईनं बोलणं बंद केलंय.

शनिवारी पत्र आलं. मंजूर. छप्पर आणि कपाटं यंदा. बाकीचं, प्रत्येक वस्तूची खूण लिहून झाली की. मॅडमच्या शेऱ्याची नक्कल सोबत होती, काकांनी ती माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतली की मला पाठ झाली: "तपासणीच्या दिवशी वस्तू जागेवर नव्हत्या. त्यांचे धनी जागेवर होते." आणि खाली, पुढची तपासणी खंडेनवमीलाच ठेवावी. मंजुळाबाईंनी ठेवीच्या कागदावर सही केली. गोजरबाईनं आधी वाचला, मग म्हणाली, "आत्या, याले चौथं भोक कोठी हाय थे पाह्यून घ्या."

आता वाईट बातमी. मानधनाची एक जागाही मंजूर झाली, अभिरक्षकाची. अट, पदवीधर. दारात बसून खुणा लिहिणारा मी, आणि ती जागा माझी नाही. पत्र वाचलं तेव्हा दोन घमेली लाथेनं उडवली. नंतर ती मीच उचलली, पाणी पुसलं. काका म्हणाले, "जागा एक वर्ष रिकामी ठेवता येते. म्या इचारलं."

पदवीचं शेवटचंच वर्ष राहिलं होतं, त्यासाठी मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला. सरांची माफी मागितली नाही, मागणारही नाही, त्याची तिथं गरजही नाही. विषय इतिहासच. प्रकल्पाला वस्तू कोणती घ्यायची हे तुला सांगायला नको.

आणि तुझं कार्ड. यावेळी पाच ओळी, मोजायच्या नव्हत्या पण मोजल्या गेल्या. चार कामाच्या, आणि पाचवी: "डबा पाठव. खूण सांगते: बुडाला पोचा, एसटीच्या पायरीवर तुझ्याच हातून पडलेला. झाकण घट्ट बसत नाही, म्हणून मी रुमाल बांधायचे."

खूण पटली. पोचा आहे. झाकणही तसंच. रुमालही आहे, तो तू सांगितला नसतास तर मी बोललो नसतो.

पण पोस्टानं काही जाणार नाही. काकांना विचारलं, नाव न घेता. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि कोंडवाड्याचा नियम सांगितला. खूण कागदावर चालत नाही. धन्यानं स्वतः यावं लागतं, दारात उभं राहून तोंडानं सांगावी लागते.

डबा घासून पूर्वेच्या भिंतीवर टांगलाय, चाड्याशेजारी. मेहकरहून डोणगावची गाडी धर, तिथून जीप मिळते. रांग नसेल.

गोकुळ